निर्मळ डोळ्यांतील अंधार : नेत्रोपचारांच्या फलिताचा इतिहास

उज्जयिनीच्या रामघाटाविषयी आपल्याकडे आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. सिंहस्थ, पर्वकाळचे स्नान, क्षिप्रेची आरती आणि शिंदेशाहीच्या काळात या नगरीला आलेले नवे रूप हे त्या लेखनाचे नेहमीचे विषय होत. ते स्वाभाविकही आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, पुढे बायजाबाई शिंदे यांनी गोपाळमंदिर बांधविले, आणि १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला हलविल्यावरही अनेक मराठी घराणी क्षिप्रातीरीच राहिली. त्यांच्या वंशजांना रामघाटाची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही.

आम्ही मात्र येथे या घाटाकडे निराळ्या वाटेने येणार आहोत. रामघाटावर होणाऱ्या नित्यकर्मांत सूर्याला अर्घ्य देणे हे एक मुख्य कर्म आहे. ग्रहणाच्या दिवशी तर हजारो माणसे पाण्यात उभी राहून आकाशाकडे पाहतात. सूर्याकडे लागलेले हे असंख्य डोळे आणि त्या डोळ्यांना होणारे विकार यांचा वैद्यकाच्या इतिहासाशी फार जवळचा संबंध आहे. तो इतका जवळचा, की डोळ्याच्या पडद्यावरील आधुनिक उपचारांचा एक महत्त्वाचा टप्पा एका सूर्यग्रहणातूनच निघाला. तो कसा, हे सांगताना आम्हांला एक प्रश्न सतत समोर ठेवावयाचा आहे: डोळ्यावर उपचार झाला, पण पुढे दृष्टीचे काय झाले? शस्त्रक्रियेचे कौशल्य हा इतिहासाचा एक भाग. तिचे फलित हा दुसरा आणि बहुधा दुर्लक्षित राहिलेला भाग.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. आपल्या घरांत 'डोळ्यावर पडदा आला' असे मोतीबिंदूविषयीही म्हणतात आणि 'डोळ्याचा पडदा गेला' असे निराळ्याच आजाराविषयीही म्हणतात. मोतीबिंदू म्हणजे बाहुलीच्या मागे असलेले भिंग गढूळ होणे. ते डोळ्याच्या पुढच्या भागात असते आणि पुष्कळ वाढले म्हणजे समोरच्या माणसालाही पांढरे दिसते. पडदा, म्हणजे दृष्टिपटल, डोळ्याच्या अगदी मागे आतून अस्तरासारखा पसरलेला असतो. प्रकाश त्याच्यावर पडतो व तेथून मज्जातंतूंच्या वाटे मेंदूकडे संदेश जातो. भिंग बदलता येते. पडदा बदलता येत नाही. या एका भेदावर पुढचा सगळा इतिहास उभा आहे.

हा भेद आपल्या प्राचीन वैद्यांच्या ध्यानात आला होता, असे मानावयास आधार आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांची संख्या ७६ सांगितली असून त्यांपैकी १२ दृष्टीचे, म्हणजे डोळ्याच्या आतील भागाचे, आहेत. त्यांतील कफजन्य लिंगनाश हा आजच्या मोतीबिंदूशी जुळतो. त्यावरील शस्त्रकर्माचे वर्णन इतके बारकाईचे आहे की, ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणी लिहिणे शक्य नाही. ऋतू फार उष्ण नसावा व फार थंडही नसावा. रोग्याने स्थिर बसून आपल्या नाकाच्या शेंड्याकडे पाहावे. शलाका डोळ्याच्या बाहेरच्या बाजूने, शिरा चुकवून आत न्यावी. डाव्या डोळ्यासाठी उजवा हात आणि उजव्यासाठी डावा हात वापरावा. वेध योग्य ठिकाणी झाल्यास जलबिंदू बाहेर येतो आणि आवाज होतो. रोग्यास वस्तू दिसू लागल्या म्हणजे शलाका हळूच काढून घ्यावी आणि तूप लावून डोळा बांधावा. शिंक, खोकला, ढेकर हे सर्व वर्ज्य. दर तिसऱ्या दिवशी डोळा तपासावा, आणि दहा दिवस पथ्य पाळावे.

या शस्त्रकर्मात गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढले जात नसे. ते वाटेतून मागे ढकलून डोळ्यातच पाडले जाई. वाट मोकळी झाली की प्रकाश आत शिरे आणि रोग्यास पुन्हा दिसू लागे. त्या काळात हे केवढे मोठे यश होते, याची कल्पना आज करणेही अवघड आहे.

पण याच ग्रंथात आणखी एका लिंगनाशाचे वर्णन येते आणि आमच्या मते ते अधिक विचार करण्याजोगे आहे. त्याला अनिमित्तज म्हटले आहे, म्हणजे ज्याचे दृश्य कारण सापडत नाही असा. देव, ऋषी, गंधर्व, महासर्प यांच्या दर्शनाने किंवा तेजस्वी वस्तूंकडे पाहिल्याने माणसाची दृष्टी नष्ट होते. तरी डोळा मात्र स्वच्छ, वैदूर्य रत्नासारखा निर्मळ राहतो, असे तेथे म्हटले आहे. गंधर्व आणि महासर्प बाजूला ठेवले तरी 'तेजस्वी वस्तू' आणि 'निर्मळ डोळा' ही दोन लक्षणे उरतात. बाहेरून काही बिघडलेले नाही आणि तरीही दृष्टी नाही, अशी अवस्था आज डॉक्टरांस दाखविली तर ते प्रथम पडदा आणि त्यामागची नस तपासतील. सुश्रुताजवळ डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन नव्हते. ज्याचा उगम दिसत नाही, त्याला अनिमित्त म्हणणे हाच त्याच्यापुढे प्रामाणिक मार्ग होता. शलाकेचा उपयोग गढूळ डोळ्याला होता. निर्मळ डोळ्यातील अंधारापुढे ती निरुपयोगी होती.

सुश्रुताची शलाका पुढे शतकानुशतके हिंदुस्थानभर फिरत राहिली, मात्र तिच्यासोबत त्याचे पथ्य आणि दहा दिवसांची तपासणी सर्वत्र फिरली नाही. गावोगाव हिंडणारे मोतीबिंदूवाले, ज्यांना उत्तरेत रावळ, माल अशा नावांनी ओळखत, बाजार-जत्रांच्या जागी हे काम करीत. सुई आत गेली, भिंग मागे पडले, म्हाताऱ्याला स्वतःची बोटे मोजता आली आणि मोबदला हाती पडला, की ते पुढच्या गावाला जात. पुढे डोळ्याला सूज येई, आतील दाब वाढून काचबिंदू होई, किंवा मागचा पडदा सुटे. पण ते पाहावयास उपचार करणारा तेथे नसे. लोकांच्या आठवणीत राही तो दिसू लागल्याचा क्षण.

हा क्षण आणि त्यानंतरची महिने-वर्षे यांतील अंतर मोजण्याचा एक मोठा प्रयत्न मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री एलियट यांनी केला. या देशी शस्त्रक्रियेवरील त्यांचा ग्रंथ पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रसिद्ध झाला. अशा शस्त्रक्रिया झालेल्या ७८० डोळ्यांची पाहणी त्यांनी मांडली, आणि निम्म्याहून अधिक डोळे वाया गेल्याचे तिच्यातून दिसले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. रुग्णालयात येणारे बहुधा बिघडलेलेच रोगी असतात. ज्यांचे बरे झाले ते गावातच राहतात. म्हणून या आकड्यांना थोडा झुकाव असणारच. तरीही कौतुकाच्या जागी मोजणी आली, हे या ग्रंथाचे महत्त्व नाकारता येणार नाही.

पण मोजणी करणारे केवळ इंग्रजच होते, असा समज मराठी वाचकाने करून घेण्याचे कारण नाही. एलियट यांच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, महाराष्ट्रापासून आपल्याइतक्याच दूर गेलेल्या एका मराठी घराण्याने याची सुरुवात केली होती. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरात राज्य स्थापिले. त्या गादीवर १७९८ ते १८३२ या काळात दुसरे सरफोजीराजे होते. सरस्वती महाल ग्रंथालयामुळे त्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. त्यांनी धन्वंतरी महाल नावाची वैद्यकशाळाही चालविली होती आणि तेथे देशी व युरोपीय अशा दोन्ही पद्धतींचा अभ्यास होत असे, हे मात्र कमी लोकांना ठाऊक असते.

सरस्वती महालात या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदींचे कागद जपून ठेवलेले आहेत. त्यांत रुग्णाची स्थिती, केलेला उपचार आणि डोळ्यांची हाताने काढलेली चित्रे आहेत. मॅकबीन नावाच्या इंग्रज डॉक्टरांचे साह्य राजांना होते, आणि राजे स्वतः शस्त्रक्रिया करीत असे परंपरेने सांगितले जाते. चेन्नईचे विख्यात नेत्रशल्यविशारद आणि शंकर नेत्रालयाचे संस्थापक डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांनी या कागदांकडे आधुनिक वैद्यकाचे लक्ष वेधले. राजाने शस्त्रक्रिया केली की नाही, यापेक्षा आम्हांला त्या चित्रांचे मोल अधिक वाटते. उपचारापूर्वी डोळा कसा होता हे कागदावर उतरविण्याची ज्याला गरज वाटते, त्याला उपचारानंतर तो कसा झाला हेही पाहावयाचे असते. फिरता मोतीबिंदूवाला आणि धन्वंतरी महाल यांच्यामधला फरक सुईचा नव्हता, तो नोंदीचा होता.

तोवर युरोपात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने निराळे वळण घेतले होते. १७४७ मध्ये फ्रान्समधील झाक दाव्हियेल यांनी भिंग मागे ढकलण्याऐवजी डोळ्याला छेद देऊन ते बाहेर काढले आणि पुढे आपल्या रोग्यांचे यशापयश आकड्यांत मांडले. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे दाखविले. १९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी काढलेल्या भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसविले. त्यांना ही कल्पना युद्धातील वैमानिकांवरून सुचली. विमानाच्या काचेसारख्या प्लॅस्टिकचे कण त्यांच्या डोळ्यांत राहूनही डोळा बिघडला नव्हता. आज आपल्या घरातील वडीलधारी माणसे दुपारी शस्त्रक्रिया करून संध्याकाळी घरी येतात, त्यामागे ही अडीचशे वर्षांची चढण आहे.

पडद्याचा इतिहास याच्या तुलनेने फार लहान आहे, कारण पडदा कोणी पाहिलाच नव्हता. १८५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध केले. जिवंत माणसाच्या डोळ्यात प्रकाश टाकून त्याच वाटेने परत येणारा प्रकाश पाहण्याची ही युक्ती दिसावयास साधी होती. पण तिच्यामुळे सुश्रुताला 'अनिमित्त' म्हणावे लागलेल्या आजाराचे निमित्त प्रथमच डोळ्यांसमोर आले. पडद्यावरील रक्तस्राव, सूज, सुटलेल्या पडद्याच्या सुरकुत्या हे सारे दिसू लागले.

दिसू लागले, तरी बरे करता येईना. सुटलेल्या पडद्यावर त्या काळी महिनोन्‌महिने अंथरुणात उताणे पडून राहणे हाच उपचार असे, आणि हजारात एखादाच बरा होई असे म्हणत. स्वित्झर्लंडमधील झ्यूल गोनँ यांनी १९२० च्या सुमारास ठामपणे सांगितले की, पडद्याला पडलेले छिद्र हेच त्याच्या सुटण्याचे मूळ आहे. ते छिद्र शोधून तापलेल्या सळईने बंद केले, तर पडदा पुन्हा चिकटतो. त्यांच्या समव्यावसायिकांना हे मान्य होण्यास जवळजवळ दहा वर्षे लागली. १९२९ च्या आम्स्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर ही पद्धत सर्वमान्य झाली. हजारात एक या अवस्थेपासून निम्म्या रोग्यांपर्यंत यश पोहोचले. आज दहापैकी आठ-नऊ जणांचा सुटलेला पडदा पहिल्याच शस्त्रक्रियेत जागेवर बसतो. मात्र पडदा जागेवर बसणे आणि पूर्वीसारखे दिसणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पडद्याचा मध्यभाग सुटण्यापूर्वी रोगी रुग्णालयात पोहोचला की नंतर, यावर पुढची दृष्टी बहुतांशी ठरते. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके वाढणे, वीज चमकल्यासारखे दिसणे, एका बाजूने सावली सरकत येणे ही तिची पूर्वसूचना असते. अशा वेळी दिवस मोजावेत, आठवडे नव्हे.

आता आपण ग्रहणाकडे वळू. ९ जुलै १९४५ च्या सूर्यग्रहणानंतर जर्मनीत हँबुर्ग येथे पडदा भाजलेले रोगी आले. गेर्ड मायर-श्विकेराट हे तरुण डॉक्टर तेथे काम करीत होते. सूर्याच्या प्रकाशाने पडद्यावर उमटलेला तो लहान, रेखीव डाग पाहून त्यांच्या मनात आले की, जो प्रकाश पडदा जाळतो, तोच नेमक्या जागी व नेमक्या प्रमाणात वापरला, तर गोनँ यांच्या सळईचे काम डोळ्याला छेद न देता होईल. त्यांनी रुग्णालयाच्या छपरावर आरसे बसवून सूर्यप्रकाश रोग्याच्या डोळ्यात नेला. आकाश ढगाळ असले म्हणजे काम थांबे, म्हणून पुढे त्यांनी विजेच्या कमानदिव्याचा आणि नंतर झेनॉन दिव्याचा उपयोग केला. १९६० मध्ये लेसरचा शोध लागल्यावर हीच कल्पना लेसरच्या हाती गेली. मधुमेह्यांच्या डोळ्यांना आज 'लेसर मारतात', तो या सूर्यप्रकाशाचाच वारस आहे.

उज्जयिनीच्या वाचकाला येथे आपली वेधशाळा आठवल्याशिवाय राहणार नाही. सवाई जयसिंगांनी उभारलेल्या आणि १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करविलेल्या त्या वेधशाळेत सूर्याचे सारे मोजमाप सावलीवरून होते. सम्राट यंत्र असो वा शंकुयंत्र, निरीक्षक पाहतो ती सावली, सूर्य नव्हे. घाटावरच्या भाविकाने हीच रीत पाळली तर त्याच्या श्रद्धेला काही उणे येणार नाही. ग्रहणात सूर्य मंद दिसतो, त्यामुळे डोळे मिचकावेसे वाटत नाही आणि माणूस टक लावून पाहत राहतो. पडद्याला दुखत नाही. म्हणून भाजल्याचे त्या क्षणी कळत नाही. काही तासांनी मध्यभागी काळा ठिपका दिसू लागतो. याचे फलित असे, की पुष्कळांची दृष्टी तीन ते सहा महिन्यांत बऱ्याच अंशी सुधारते, काहींचा ठिपका मात्र जन्मभर राहतो, आणि ज्याची परिणामकारकता सिद्ध झाली आहे असा उपचार आजही नाही. पाण्याच्या परातीतील किंवा नदीतील प्रतिबिंब पाहणेही तज्ज्ञ सुरक्षित मानत नाहीत. २२ जुलै २००९ च्या सकाळी खग्रास ग्रहणाचा पट्टा आपल्या मालव्यावरून गेला होता. २ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण भारताच्या पश्चिम भागातून खंडग्रास दिसणार आहे, आणि खंडग्रासात तर सूर्याचा उघडा भाग सतत डोळ्यांसमोर राहतो. त्या दिवशी घाटावर जाणाऱ्यांनी प्रमाणित गाळणीचे चष्मे जवळ ठेवावेत, किंवा कागदाला बारीक छिद्र पाडून सूर्याची प्रतिमा दुसऱ्या कागदावर पाडून पाहावी.

ग्रहण वर्षानुवर्षांनी एकदा येते. मधुमेह मात्र घरात कायम वस्तीला असतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील मधुमेह्यांपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर त्या रोगाचा परिणाम आढळला, आणि ३.६ टक्के लोकांची दृष्टी त्यामुळे धोक्यात होती. या विकाराचे वैशिष्ट्य पुन्हा तेच: डोळा निर्मळ, दुखणे नाही, बऱ्याच अवस्थेपर्यंत दिसतेही चांगले. आणि एके दिवशी आत रक्तस्राव होतो.

या विकारावरील उपचारांचे फलित कसे मोजले गेले, हे मुळातून समजून घेण्याजोगे आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष पुढे आले. त्यात रोग्याच्या एका डोळ्यावर प्रकाशाचा उपचार केला आणि दुसरा तसाच ठेवला. उपचार केलेल्या डोळ्यांत दृष्टी गंभीरपणे गमावण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. १९८५ च्या दुसऱ्या अभ्यासात पडद्याच्या मध्यभागी आलेल्या सुजेवर लेसर वापरला, तेव्हा तीन वर्षांत दृष्टी बऱ्यापैकी कमी होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. या आकड्यांची भाषा लक्षपूर्वक वाचावी. 'इतक्यांना दिसू लागले' असे ते म्हणत नाहीत; 'इतक्यांचे गेले नाही' असे म्हणतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पट्टी सुटते आणि घरात पेढे वाटले जातात. लेसर झाल्यावर रोग्याला काहीच फरक जाणवत नाही, उलट काही दिवस थोडे अंधुक दिसते. म्हणून कित्येक जण 'काही उपयोग झाला नाही' म्हणून पुढच्या तपासणीला जात नाहीत. टिकून राहिलेल्या दृष्टीचा सोहळा कोणी करीत नाही, एवढेच याचे कारण.

दृष्टी परत मिळण्याची थोडीफार आशा पडद्याच्या बाबतीत अलीकडे निर्माण झाली. १९७० च्या सुमारास रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्यातील रक्ताळलेला काचद्रव काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. २००६ मध्ये, वार्धक्यात पडद्याचा मध्यबिंदू झिजून होणाऱ्या विकारावर डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षअखेर सुमारे ९५ टक्के रोग्यांची दृष्टी टिकली होती. इंजेक्शन न दिलेल्यांत हे प्रमाण ६२ टक्के होते. औषधाच्या पूर्ण मात्रेवर असलेल्यांपैकी तिघांतील एकाची दृष्टी स्पष्टपणे सुधारली. मात्र ही इंजेक्शने एकदा घेऊन भागत नाहीत. ती चुकविली की मिळालेले हळूहळू हातचे जाते.

फलिताची मोजणी मोतीबिंदूच्याही बाबतीत संपलेली नाही. आपल्या देशात १९७६ मध्ये अंधत्वनियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साह्याने मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूची मोठी मोहीम झाली, आणि तंबूतील शिबिरांकडून रुग्णालयातील शस्त्रक्रियेकडे, जाड भिंगाच्या चष्म्याकडून डोळ्यात बसविलेल्या भिंगाकडे वळण मिळाले. शस्त्रक्रियांची संख्या हाच तोवर यशाचा आकडा मानला जात होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये निकष घातला की, शस्त्रक्रियेनंतर निदान ८० टक्के डोळ्यांची दृष्टी सहा-अठरा किंवा त्याहून चांगली असावी आणि वाईट परिणाम ५ टक्क्यांहून अधिक नसावेत. किती डोळे हाताळले, याऐवजी किती डोळे पाहू लागले, असा प्रश्न शासकीय भाषेत यावयास १९९८ उजाडावे लागले.

तो प्रश्न किती आवश्यक होता, हे आपल्याच प्रदेशाने पुढे दुःखाने अनुभवले. नोव्हेंबर २०१५ मध्ये बडवानी येथील शासकीय रुग्णालयात शिबिरातील शस्त्रक्रियांनंतर जंतुसंसर्ग होऊन चाळीसहून अधिक लोकांच्या दृष्टीला अपाय झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये इंदूरमधील एका नेत्ररुग्णालयातही अशाच संसर्गाने अकरा जणांची दृष्टी गेली. नीट चालणाऱ्या रुग्णालयांत असा संसर्ग हजारांत एखाद्याला किंवा त्याहूनही कमी लोकांना होतो. म्हणजे दोष शस्त्रक्रियेच्या कल्पनेत नाही. तो हात, द्रव आणि उपकरणे यांच्या निर्जंतुकतेत असतो. गरीब रोग्याचा एक डोळा म्हणजे त्याच्या घराची रोजी असते. सुश्रुताने सांगितलेली तिसऱ्या दिवसाची तपासणी आजही तितकीच आवश्यक आहे. शस्त्रक्रियेनंतर डोळा लाल होऊन दुखू लागला आणि दृष्टी कमी झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहता कामा नये.

याच इतिहासातून आपल्या घरांतील एका समजुतीचा उलगडा होतो. 'मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकू द्या,' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. जुन्या शस्त्रक्रियेच्या काळी तो सल्ला योग्यच होता. पिकलेले भिंग काढणे सोपे जाई, आणि शस्त्रक्रियेतील धोका पाहता डोळा जवळजवळ आंधळा झाल्याखेरीज सुरी लावणे शहाणपणाचे नव्हते. कृत्रिम भिंगाच्या युगात हे कारण उरले नाही. फार पिकलेला मोतीबिंदू आज अधिक अवघड ठरतो. शिवाय त्याहून मोठी हानी अशी की, त्या गढूळ भिंगाआड डॉक्टरांना पडदा दिसेनासा होतो. मधुमेही आजोबा मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत बसतात आणि मागे पडदा गळत राहतो. अखेर शस्त्रक्रिया उत्तम होते, पण दृष्टी येत नाही, आणि घरचे म्हणतात, ऑपरेशन बिघडले. बिघडलेले असते ते आधीच. गढूळ भिंगाने ते झाकून ठेवलेले असते.

मालव्यातील मराठी घराण्यांना कागद जपण्याची जुनी सवय आहे. सनदा, वतनपत्रे, मोडीतील हिशेब, कुलवृत्तांत यांच्या पेट्या अजून पुष्कळ वाड्यांत आहेत. तंजावरकरांनी त्याच सवयीने नेत्ररुग्णांचे कागद राखले, म्हणून आज ते आपल्याला वाचावयास मिळतात. आम्हांला असे सुचवावेसे वाटते की, घरातील प्रत्येक मधुमेही व्यक्तीने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा, आणि त्या तपासणीचा तारीखवार कागद, शक्य झाल्यास पडद्याच्या छायाचित्रासह, एका ठिकाणी ठेवावा. दृष्टी किती होती, किती राहिली, कोणता उपचार केव्हा झाला, हे त्यावरून पुढच्या डॉक्टरांना पाच मिनिटांत समजते. २०२८ च्या सिंहस्थात आपल्याकडे दूरदूरचे नातलग येतील, वडीलधाऱ्यांना रामघाटावर स्नानाला नेतील. त्या आधीच्या दोन-तीन वर्षांत प्रत्येक घराने ही एक तपासणी उरकून घेतली, तर त्यांतील काही जणांना तरी घाटाच्या पायऱ्या कोणाचा हात न धरता उतरता येतील.